पहिली पट्टी मामांची

उत्तरेश्वर ढगे हे नाव पुण्यात कुणी पूर्ण घेत नाही. एवढं लांब नाव घ्यायला इथे वेळ असतो, इच्छा नसते. ज्या इस्पितळात ते सव्वीस वर्षं काम करतात, तिथे हाताखाली राबणारा प्रत्येक पुरुष मामा आणि प्रत्येक बाई मावशी. तेव्हा उत्तरेश्वरही मामा झाले. धाराशिवकडून एसटीने स्वारगेटला उतरले आणि ट्रॉली ढकलायला लागले. पुढे कोर्स केला, परीक्षा दिली, भूल विभागाचे टेक्निशियन झाले. नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, बायको रतन, एक जुनी स्कूटर आणि नुकताच सुरू झालेला मधुमेह. एवढ्या भांडवलावर कुणाची गोष्ट सांगायला बसावं असं काही नाही. पण मामांच्या हाताला एक काम होतं, आणि त्या कामाने त्यांचं काय केलं ते सांगायला हवं.

लहान मुलाच्या मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की लोक सर्जनचं नाव विचारतात. विचारावंच. पण कवटी उघडलेली असताना ते मूल श्वास कशातून घेतं, हे कुणी विचारत नाही. ते घेतं एका नळीतून, करंगळीपेक्षा बारीक. नळी तोंडातून घशात, घशातून श्वासनलिकेत. बोटाच्या पेराएवढी जास्त आत गेली तर हवा एकाच फुफ्फुसात जाते. तेवढीच बाहेर आली तर कुठेच जात नाही. गाठ डोक्याच्या मागच्या बाजूला असेल तर मुलाला पालथं झोपवतात, मान खाली वाकवतात, वर हिरवी कापडं टाकतात. चेहरा दिसत नाही. पाच-सहा तास ती नळी गालावरच्या चिकटपट्टीच्या भरवशावर असते.

आणि त्या थिएटरात पहिली पट्टी मामांची, हा रिवाज होता. भूल देणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी आठल्ये नळी ओठाच्या कोपऱ्यात दोन बोटांत धरून ती किती सेंटिमीटर आत आहे तो आकडा सांगायच्या. मामा तो आकडा मोठ्याने परत म्हणायचे आणि पहिली पट्टी ओढून लावायचे. त्याआधी गाल स्पिरिटने पुसायचा, कोरडा करायचा, त्यावर चिकट औषधाचा हात फिरवायचा. दुसरी-तिसरी पट्टी मॅडमची. आठल्येबाई कौतुक करण्यात अतिशय काटकसरी, पण एकदा नव्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, "भूलशास्त्र पुस्तकात आहे. पट्टी मामांकडून शिका." मामांनी हे वाक्य घरी जाऊन रतनला तीनदा सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माऊली आला, पाच वर्षांचा. कात्रजच्या पलीकडचं, शहराने नुकतंच पोटात घेतलेलं गाव. आईबाप दोघंही कंपनीत पाळीवर, पोर आजीच्या हातचं. आजी तुळजाबाई. चालताना तोल जायचा, सकाळी उलट्या व्हायच्या. तपासण्यांत लहान मेंदूपाशी गाठ निघाली. पोरगा भलता बोलका. थिएटरच्या दाराशी ट्रॉलीवर पडल्या पडल्या त्याने मामांना त्यांच्या स्कूटरचा नंबर विचारला, टोपी हिरवीच का ते विचारलं, इथे डबा कुठे खाता ते विचारलं. मग म्हणाला,

"मामा, मी झोपल्याव कोन जागं ऱ्हानार?"

"मी," मामा म्हणाले. "मी राहणार जागा."

ट्रॉली आत जाणार तेवढ्यात तुळजाबाईंनी मामांचा हात धरला. माऊलीच्या उजव्या गालावर काजळाची तीट होती, चांगली हरभऱ्याएवढी. एरंडेलाच्या दिव्यावर घरी धरलेलं काजळ, काळंकुट्ट आणि तुपकट. "मामा, सगळं काढून घेतलं तुमी लोकांनी. करदोडा काढला, ताईत काढला. तीट तेवढी पुसू नका. लई दृष्ट लागती माझ्या पोराला."

मामांनी मान हलवली. रोज कोणी ना कोणी काही ना काही मागत असतं, आणि सगळ्यांना नाही म्हणायचं जिवावर येतं. आत माऊली झोपला, नळी गेली, मामांनी गाल पुसायला घेतला. तीट आली तेव्हा हात थांबला. त्यांच्या आईनेही त्यांना दहा वर्षांचे होईपर्यंत तीट लावली होती. त्यांनी तीट सोडून आजूबाजूचा गाल पुसला. "साडेचौदा," मॅडम म्हणाल्या. "साडेचौदा," मामा म्हणाले आणि पहिली पट्टी तिटेवरून ओढली. तीट झाकली गेली. एवढ्याशा ठिपक्याने काय होतंय, असं त्यांना खरोखर वाटलं.

तीन तासांनी मॉनिटरच्या पडद्यावरची श्वासाची रेघ सपाट झाली.

अशा वेळी आरडाओरडा होत नाही, लोकांना वाटतं तसा. सर्जननी जखमेवर ओलं कापड दाबलं, दाराबाहेर तयार ठेवलेली ट्रॉली आत आली, चौघांनी मिळून पोराला उताणं केलं. ऑक्सिजनचा आकडा ऐंशी, साठ, पंचेचाळीस. ओठ निळे. आठल्येबाईंनी दुसरी नळी घातली आणि रेघ परत उठली. घड्याळात चार मिनिटं गेली होती. चेहऱ्यावरच्या पट्ट्या उजव्या बाजूने लोंबत होत्या. मामांनी त्या ओढून काढल्या, तेव्हा पहिल्या पट्टीच्या चिकट बाजूला काळा डाग होता. त्यांनी ती पट्टी मुठीत चुरगाळली आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. कागदावर आठल्येबाईंनी लिहिलं, लाळेमुळे पट्टी सैल होऊन नळी निसटली. ते खोटंही नव्हतं. पालथ्या मुलाच्या तोंडातून लाळ गळतेच.

गाठ निघाली. माऊली वाचला. पण शुद्धीवर आल्यावर तो बोलेना.

डॉक्टरांनी समजावलं, की तिथल्या गाठीच्या ऑपरेशननंतर काही मुलं गप्प होतात आणि महिन्या-दोन महिन्यांत परत बोलायला लागतात. माऊली लागला नाही. दोन वर्षांत 'आजी', 'पानी' आणि 'नको' एवढे तीन शब्द परत आले, तेही जड जिभेने. मामांनी एकदा धीर करून आठल्येबाईंना विचारलं, त्या चार मिनिटांमुळे असेल का? त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "गाठीमुळे असेल, ऑपरेशनमुळे असेल, चार मिनिटांमुळे असेल. मेंदू कारणं लिहून ठेवत नाही, ढगे." त्यांनी ढगे म्हटलं की विषय संपलेला असे.

मामांचा विषय तिथे सुरू झाला. पोराचं बोलणं त्याच्या तोंडातून गेलं आणि ह्यांच्या कानात येऊन बसलं. थिएटरात पट्टी फाडल्याचा चर्र आवाज झाला की पाठोपाठ तोच प्रश्न यायचा, मामा, मी झोपल्याव कोन जागं ऱ्हानार? आधी फक्त थिएटरात यायचा. मग इस्पितळाच्या जिन्यात. मग भर दुपारी रहदारीत. आणि मामा उत्तर द्यायचे. स्वारगेटच्या सिग्नलला एकदा ते मोठ्याने "मी" म्हणाले. मागचा स्कूटरवाला म्हणाला, "तुम्हीच हो काका, दुसरं कोण? हिरवा कधीचा झालाय, मुहूर्त बघताय का?" जेवताना रतन भाकरी वाढता वाढता थबकायची. "मी काय? मी काही विचारलं का तुम्हाला?" ते म्हणायचे, काही नाही. ती बिचारी मधुमेहाला दोष द्यायची.

कामात मात्र ते राक्षसासारखे कडक झाले. आदल्या दिवशी स्वतः वॉर्डात जाऊन मुलांचे गाल बघायचे, तेल, पावडर, क्रीम काही म्हणजे काही चालू द्यायचे नाहीत. आयांना ते खडूस वाटत. आत एकाच गालाला तीन-तीनदा स्पिरिट लावायचे. नळीकडे असं टक लावून बघायचे, की नव्या डॉक्टरांना वाटायचं हा माणूस आपल्यावर पाळत ठेवतोय.

सगळं निभावलं असतं. निभावत नव्हतं ते तुळजाबाईंचं येणं. दर तीन महिन्यांनी माऊलीला तपासायला आणायच्या, आणि काम झालं की थिएटरच्या मजल्यावर चढून मामांना शोधायच्या. हातात पिशवी. उरलेल्या अर्ध्या एकरातल्या भुईमुगाच्या शेंगा, कधी चिंच, कधी वालाच्या शेंगा. पिशवी द्यायच्या आणि मामा नको नको म्हणेपर्यंत वाकून पाया पडायच्या. "सगळे मोठे डाक्टर, पन माझं ऐकलं तुमी एकट्यानं. तुमी तीट राहू दिली म्हनून पोरगं माघारी आलं. न्हाईतर काळानं नेलंच व्हतं." माऊली बाजूला उभा राहून बघायचा. पुढचे दात पडलेले, डोळे मोठे. काही म्हणायचा नाही.

शेंगा घरी जायच्या. रतन भाजायची, चटणी करायची, शेजारी वाटायची. मामा खायचे. पिशवी परत करायची म्हणजे कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायची त्यांची छाती कधी झाली नाही. ह्याला भित्रेपणाच म्हणायचं. मामा स्वतःला तेच म्हणत होते.

ह्या वर्षी जानेवारीत तपासणीत दिसलं, की जिथली गाठ काढली तिथेच एक दाणा पुन्हा वाढलाय. पुन्हा ऑपरेशन. पुन्हा पालथं.

आदल्या दिवशी मामा वॉर्डात गेले ते आठल्येबाईंच्या मागून. बाईंनी माऊलीला तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली, वरचा एक दात बोटाने हलवला. "हा आज काढून टाका. उद्या फुफ्फुसात शोधायला मला आवडणार नाही." पुढे गेल्या. मामा मागे राहिले. माऊली आता सात वर्षांचा होता, ऑपरेशनसाठी केस काढलेला. गाल स्वच्छ होता. मामांना बरं वाटलं.

तुळजाबाई कॉटच्या पलीकडून म्हणाल्या, "मामा, तुमीच हाय ना उद्या?"

"आहे."

"मग मला घोर न्हाई. सकाळी लावते तीट. गेल्या टायमाला लावली व्हती त्याच जागी. राहू द्याल ना?"

मामा काहीतरी पुटपुटले आणि निघाले. जिन्यात थांबले. ह्यातून सुटायचा रस्ता त्यांना लगेच सुचला, आणि तो इतका सोपा होता की त्यांना स्वतःची शिसारी आली. पोर झोपलं की तीट पुसून टाकायची. पट्टी कोऱ्या गालावर लावायची. ऑपरेशन झालं, पट्ट्या निघाल्या, की चामडीवर खुणा करायचा सर्जनचा काळा पेन असतो, त्याने त्याच जागी एक ठिपका काढायचा. म्हातारीला कळणार नाही. पोराचं भलं होईल, आजीचं समाधान होईल आणि शेंगा येत राहतील. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. रतनने दोनदा विचारलं. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाले.

सकाळी साडेसातला माऊली ट्रॉलीवर होता. उजव्या गालावर तीट. ह्या वेळी तो काहीच विचारत नव्हता, नुसता मामांच्या तोंडाकडे बघत होता. मामांनी ट्रॉलीला हात लावला आणि कानात पुन्हा ते वाक्य आलं, पाच वर्षांच्या आवाजात. आणि ज्याचा तो आवाज होता तो समोर सात वर्षांचा होऊन मुका पडला होता. त्यांनी ट्रॉली थांबवली.

"आजी, ही पुसायला पाहिजे."

"अवो, असं काय करता? गेल्या टायमाला..."

"गेल्या टायमाला मी पुसली नाही, म्हणून झालं ते." आता मामा थांबणार नव्हते. "काजळाला तेल असतं. माझी पट्टी तिटेवर होती. ती तिथून सुटली आणि नळी निघाली. चार मिनिटं ह्याला हवा नव्हती, आजी. मी पट्टीवरचा काळा डाग बघितला आणि फेकून दिला. कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला पण नाही."

बाजूला माऊलीचा बाप कागदांची फाइल धरून उभा होता. त्याने आईकडे बघितलं. दारात आठल्येबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

तुळजाबाईंनी पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि माऊलीचा गाल पुसायला लागल्या. काळं गेलं तरी पुसत राहिल्या. गाल लाल झाला, पोराने "नको" म्हटलं, तेव्हा थांबल्या. मामांकडे न बघता म्हणाल्या, "न्या आता."

आत हात धुताना आठल्येबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नळाकडे बघत म्हणाल्या, "डाग मीही पाहिला होता, उत्तरेश्वर. तुमच्या मुठीत जाताना." एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा ते नाव घेतलं. "पट्टीखाली काय आहे ते बघणं माझं काम. मी लाळ लिहिली. तुमच्याइतकंच मला ते सोयीचं होतं." मग नळ बंद केला. "चला. मूल थांबलंय."

मामांना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आता ती चार मिनिटं दोघांची झाली आणि कमी मात्र झाली नाहीत.

गाल तीनदा पुसला. "साडेपंधरा." "साडेपंधरा." पहिली पट्टी. साडेपाच तास मामा रेघेसमोर उभे होते. चहाला गेले नाहीत. रेघ उठत होती, बसत होती. पट्टी सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. तिसऱ्या दिवशी माऊलीला वॉर्डात हलवलं. मामांनी तिकडे जायचं टाळलं. तर दुपारी तुळजाबाईच जिन्यात समोर आल्या. हातात पिशवी नव्हती. त्या वाकल्याही नाहीत.

"दोन वर्सं मी तुमच्या पाया पडले," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमी पडू दिलं."

मग त्यांनी विचारलं,

"शेंगा खाल्ल्या?"

"खाल्ल्या."

"गोड लागल्या?"

सव्वीस वर्षांत मामांना कुणी इतकं अवघड काही विचारलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ते आणखी एक खोटं झालं असतं. "लागल्या," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. तुळजाबाईंनी ते फुटू दिलं. पदर पुढे केला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. रडणं संपल्यावर म्हणाल्या, "तीट मीच लावली व्हती. माझ्या हातानं धरलेलं काजळ. दोन दिस झाले, डोळा लागत न्हाई मला. आता मी कुनाला सांगू? माझं मी बघीन. पन तुमी मला सांगून मोकळं झालात, ते न्हाई चालायचं. ज्याचं गेलं त्याला सांगा. समजतं त्याला सगळं. चला."

वॉर्डात खिडकीजवळची कॉट होती. माऊली जागा होता. उजव्या गालावर पट्टीचा लाल चौकोन उमटलेला, बाकी गाल कोरा. मामा स्टुलावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. स्कूटरचा नंबर, हिरवी टोपी, डबा. तीट. पट्टी. चार मिनिटं. मुलांना सांगतात तशी गोष्ट करून नाही सांगितलं, सरळ सांगितलं. माऊली डोळे न हलवता ऐकत होता. मामांचं बोलणं संपलं तरी तसाच बघत राहिला. त्याच्या मनात काय होतं ते मामांना तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळणार नव्हतं. मग त्याने हळूहळू डोळे मिटले.

मामा उठायला लागले.

"बसा," तुळजाबाई मागून म्हणाल्या. "त्यानं काय विचारलं व्हतं तुमाला, ट्रालीव पडल्या पडल्या? मी व्हते तिथंच. काय सांगितलं व्हतं तुमी त्याला?"

मामा खाली बसले. पोराच्या छातीवरची चादर वर जात होती, खाली येत होती. तुळजाबाईंनी कॉटच्या पलीकडे जमिनीवर सतरंजी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. तीनला मामांची पाळी संपली. बदलीचा माणूस दारातून दोनदा डोकावून गेला. उत्तरेश्वर ढगे स्टुलावरून उठले नाहीत.